यादीबाहेरचं घर

सुनेत्राताई पेंढारकर हे प्रकरण मला सुरुवातीला अजिबात झेपलं नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकते.

आम्ही कावासाकी सोडून फुकुओकाला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला दाराची बेल वाजली. घरात चौदा खोकी, जयेश नव्या ऑफिसात, आर्या नव्या शाळेत, आणि कात्री सापडत नसल्यामुळे मी दातांनी चिकटपट्टी तोडत बसले होते. दारात पन्नाशीच्या एक बाई उभ्या. पंजाबी ड्रेस, पायात धावायचे बूट, एका हातात डबा, दुसऱ्या हातात कागद. समोरच्या इमारतीत राहतो म्हणाल्या, यजमानांना, अंबरीषना, ट्रेडिंग कंपनीत पोस्टिंग आहे, आधी आठ वर्षं योकोहामाला होतो, आता इथे सहावं वर्ष. डब्यात उपमा होता. कागदावर हाताने काढलेला, स्केचपेनांनी रंगवलेला नकाशा होता. त्यात आमची इमारत, मेट्रो स्टेशन, आर्याची शाळा, कोनबिनी म्हणजे ते चोवीस तास उघडं असणारं दुकान, आणि या सगळ्याच्या मधोमध एक उंच धुरांडं.

"वाट चुकलीस तर मान वर कर आणि हे शोध," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे पाठ केलीस की नाकासमोर तुमची बिल्डिंग."

मी पुण्याची. न मागता सल्ला मिळाला की माझं डोकं फिरतं. माझ्याकडे फोन आहे आणि फोनमध्ये नकाशा आहे, असं मी शक्य तितक्या गोड आवाजात सांगितलं आणि दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी आर्याला शाळेतून आणताना त्याच फोनने मला अशा गल्लीत नेलं, जिथे गल्लीच उरलेली नव्हती. समोर दोन पुरुष उंचीचा पांढरा पत्रा, आणि त्यावर हेल्मेट घालून कंबरेत वाकून माफी मागणाऱ्या कामगाराचं चित्र. इथे गल्ल्यांना नावं नसतात, घरांच्या चौकोनांना आकडे असतात, आणि ते आकडेही ओळीने येतील याची खात्री नाही. मी मान वर केली. धुरांडं दिसलं. त्याच्याकडे पाठ केली आणि घरी पोचले. डबा परत करायला गेले तेव्हा त्यात बेसनाचे लाडू नेले, पण ही गोष्ट मात्र सांगितली नाही.

ते धुरांडं त्सुरु-यु नावाच्या सेन्तोचं. सेन्तो म्हणजे आळीचं सार्वजनिक न्हाणीघर. घरोघरी न्हाणीघरं झाली, मालक म्हातारे झाले, आणि आम्ही यायच्या आधीच ते बंद पडलं होतं. धुरांडं मात्र तसंच होतं, तेवीस मीटर उंच, वर पुसट झालेला करकोचा. आमच्या मात्सुनोए भागात कोणालाही पत्ता विचारा, तो त्याच्यापासूनच सुरू व्हायचा. जपानची बाकीची गावं आक्रसत चाललीत, हे दक्षिणेकडचं शहर मात्र अंगात आल्यासारखं वाढतंय. विमानतळ गावाला खेटून, त्यामुळे पूर्वी उंच बांधायला मनाई असायची. ती सैल झाली आणि जिकडे बघावं तिकडे क्रेन. ताई नव्याने येणाऱ्या प्रत्येक भारतीय कुटुंबासाठी नकाशा काढायच्या, आणि तो वर्षातून तीनदा बदलावा लागायचा. टपालकचेरी गेली, खोडा. तांदळाचं दुकान गेलं, खोडा. न खोडता टिकलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे धुरांडं.

या पाडापाडीशी ताईंचा संबंध फक्त नकाशापुरता नव्हता. त्या एका इमारती पाडणाऱ्या कंपनीत बाइतो करायच्या, म्हणजे अर्धवेळ नोकरी. काम काय, तर इमारत पाडण्याआधी आजूबाजूच्या घरी जाऊन नमस्कार करून यायचा. याला आइसात्सु म्हणतात. कागदात गुंडाळलेला टॉवेल द्यायचा, कंबरेत वाकायचं, अमुक तारखेपासून आवाज होईल, धूळ उडेल, क्षमा असावी, तक्रार असेल तर हा नंबर. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. पाडणाऱ्याने आधी टॉवेल वाटायचा, हा काय प्रकार! मग आठवलं, की पुण्यात आमच्या शेजारचा बंगला पाडणार हे आम्हाला कळलं, तेव्हा जेसीबीने आमची तुळसच आडवी केली होती.

त्यांना घेतलं होतं ते नेपाळी आणि भारतीय भाडेकरूंना समजावून सांगायला. पण झालं उलटंच. ज्या जपानी म्हाताऱ्या माणसांनी कंपनीच्या तरुण पोरांना दाराच्या फटीतून वाटेला लावलं होतं, ती ताईंना आत बोलवायला लागली. तरुण सहकारी दिवसात चाळीस घरं उरकायचा, ताईंची अकरा व्हायची. त्या गुडघ्याचं विचारायच्या, कुंडीतल्या झाडाचं विचारायच्या, चहा दिला तर प्यायच्या. जपानी बोलणं अगदी रांगडं, व्याकरणाची हाडं मोडलेली. पण ऐकणाऱ्याला वाटायचं, या बाईला खरंच आपलं काहीतरी ऐकायचंय. आणि तिला खरंच ऐकायचं असायचं, हीच तर गंमत.

कंपनी यादी देते. इमारतीच्या उंचीवरून अंतर ठरतं, त्या अंतरातली घरं यादीत. यादीबाहेर टॉवेल नाही. आणि नेमकं हेच ताईंना जमायचं नाही. डोंबिवलीत त्यांच्या सासूबाई हळदीकुंकवाचं बोलावणं करायच्या, तेव्हा गल्लीतलं एकही घर वगळायचं नाही हा नियम. भांडण असलं तरी जायचं, बाई माहेरी गेली असली तरी दाराशी सांगून यायचं. एक घर सुटलं तर बाकीच्यांना बोलावल्याचं पुण्य नाही. हा नियम ताईंच्या हाडीमाशी इतका मुरलेला, की यादीतलं शेवटचं घर झालं आणि पुढे त्याच गल्लीत एक दार उरलेलं दिसलं, तर त्यांचे पाय आपोआप तिकडे वळायचे. पिशवीत दोन-तीन टॉवेल जास्तीचे असायचेच.

जूनमध्ये त्सुरु-युची यादी आली. न्हाणीघर पाडणार, धुरांडं उतरवणार, शेजारची घरं आधीच विकत घेतली होती, तिथे सत्तावीस मजली टॉवर. धुरांड्याला तडे गेले होते, भूकंपात टिकलं नसतं, त्यामुळे वाचवायचा प्रश्नच नव्हता. यादीत त्रेचाळीस घरं होती. ताईंनी चव्वेचाळीस केली.

चव्वेचाळिसाव्या घरात कोगा-सान राहायच्या. वय एक्याऐंशी, प्राथमिक शाळेतल्या निवृत्त बाई, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, घरात एकट्या. त्यांचे डोळे मधोमध गेले होते. समोर बघितलं की राखाडी ठिपका, फक्त कडेने थोडं दिसायचं. म्हणून त्या माणसाकडे बघताना मान वळवून बघायच्या, रुसल्यासारख्या. ताईंनी टॉवेल दिला, वाकल्या, धुरांडं सप्टेंबरमध्ये उतरवणार असं सांगितलं. कोगा-साननी टॉवेल चाचपून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या की मी भाजी आणायला स्टेशनपाशी जाते आणि येताना मान तिरकी करून आभाळात ते धुरांडं शोधते. बाकी काही दिसत नाही, ते दिसतं. त्याच्या खुणेवर चालत घरी येते.

पुढचंही त्यांनी सांगून टाकलं. गेल्या हिवाळ्यात धुकं होतं, धुरांडं दिसलं नाही, आणि त्या नदीपलीकडे सापडल्या. पोलिसांनी ओसाकाला मुलीला फोन केला. मुलीचं नाव युकारी. तिने वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती आणि आईला एकच अट घातली होती: आणखी एकदा वाट चुकलीस की वाद नाही, घर बंद करायचं.

यावर आपल्याकडे कोणीही बाई जे म्हणेल तेच सुनेत्राताई म्हणाल्या. "काळजी करू नका. मी करते काहीतरी."

आपण हे दिवसातून दहा वेळा म्हणतो. समोरच्यालाही माहीत असतं, की हा धीर आहे, करार नाही. पण इथे अंगात कंपनीचं जाकीट, गळ्यात ओळखपत्र, हातात नोटीस, आणि दाराशी उभं राहून दिलेला शब्द. कोगा-साननी जाड मार्कर घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर जूनच्या त्या चौकोनात ठसठशीत लिहिलं: भारतीय बाई काहीतरी करणार. तीन दिवस वाट बघून त्यांनी कंपनीत फोन केला, की काय करायचं ठरलं?

ताईंच्या साहेबाने आरडाओरडा केला नाही. त्याने दातांमधून लांबलचक श्वास आत ओढला. इथे राहिलेल्या कोणालाही विचारा, त्या आवाजापेक्षा शिव्या बऱ्या. आइसात्सुला गेलेल्या माणसाने सूचना द्यायची, शब्द द्यायचा नाही, तिथे दिलेला शब्द कंपनीचा होतो. शिवाय ते घर यादीतच नव्हतं. ताईंना माफीनामा लिहावा लागला. मग साहेब त्यांना घेऊन कोगा-सानकडे गेला, दोघे ओणवे झाले, आणि कंपनीला काहीही करणं शक्य नाही असं रीतसर सांगून आले. कोगा-साननी ऐकून घेतलं, दोघांना बार्लीचा गार चहा दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई परत गेल्या. जाकीट घरी ठेवलं, ओळखपत्र घरी ठेवलं. मला हे त्यांनी नंतर सांगितलं, तेव्हा मी चांगलीच भडकले. नोकरी जाईल, म्हटलं, आणि तुम्ही करणार तरी काय? धुरांडं खांद्यावर घेऊन उभ्या राहणार आहात का?

"कंपनीचा शब्द काल परत घेतला," त्या म्हणाल्या. "माझा राहिलाय ना."

एवढं बोलून त्या भांडी घासायला लागल्या. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला, की दोन्ही एकदम कुठे ठेवावं कळेना. म्हणून मी भांडी पुसायला घेतली.

आधी त्यांनी वॉर्ड ऑफिसला खेटे घातले. दृष्टी गेलेल्यांना चालायला शिकवणारा सरकारी शिक्षक असतो. तो दोनदा आला, पांढरी काठी कशी धरायची ते शिकवलं, आणि पुढची तारीख डिसेंबरची दिली. कोगा-सानना काठी नकोच होती. ती हातात घेतली की साऱ्या गावाला कळतं, म्हणाल्या. ताईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी एक काठी घेऊन गेल्या आणि दोघी काठ्या टेकत निघाल्या.

मग ताईंनी नकाशा काढला, त्यांच्या सवयीप्रमाणे खुणांचा. लाल टपालपेटी, निळा फलक, पेयांचं यंत्र. कोगा-साननी तो ताईंकडून वाचून घेतला आणि जुन्या सवयीने सांगितलं, की गृहपाठ पुन्हा करून आणा. यातलं मला काहीच दिसत नाही. ताई घरी आल्या त्या खजील होऊन. इतकी वर्षं माणसांना वाट सांगण्यात घालवली, म्हणाल्या, आणि डोळ्यांशिवाय वाट सांगता येत नाही.

यानंतर आमच्या आळीने जे पाहिलं ते असं: सुनेत्रा पेंढारकर, वय वर्षं चोपन्न, भर दुपारी डोळे घट्ट मिटून कोगा-सानचा कोपर धरून चाललेल्या. पुढे आंधळ्या बाई, मागे डोळस बाई, आणि वाट आंधळ्या बाई दाखवणार. सोबत वही घेऊन मी. मी कशी सामील झाले ते विचारू नका, ताई कोणाला विचारून सामील करत नाहीत. एकदा मलाही डोळे मिटायला लावलं आणि मी सायकलींच्या रांगेत जाऊन आदळले, गुडघ्यावरचा डाग अजून आहे. आर्याला हे कळलं तेव्हा तिने जपानीत एकच शब्द उच्चारला. त्याचा अर्थ साधारण "काय लाज आणतेस" असा होतो.

पण हळूहळू वही भरायला लागली. स्टेशनच्या लिफ्टची घंटा. सिग्नलचा पाखरासारखा आवाज, तो थांबेपर्यंत उभं राहायचं. पुढे पायाखाली चढ लागतो, डोळस माणसाला कधी जाणवतही नाही इतका बारीक. मग बेकरीच्या पावाचा वास, आणि बेकरी संपली की गटाराची लोखंडी जाळी, काठी लागली की वाजते. जाळी वाजली की उजवीकडे वळायचं. त्सुरु-युचा कोपरा तोच. तिथून नदीवरचं वारं डाव्या गालाला लागलं की घर आलं. मी लिहीत होते आणि मनात म्हणत होते, की या रस्त्याने मी वर्षभर जातेय, आणि यातलं एकही मला माहीत नव्हतं.

एके दिवशी त्या कोपऱ्यावर कोगा-सान थांबल्या आणि म्हणाल्या, याला पण लिहा. याला म्हणजे नागामात्सुंना. कामाच्या जागेच्या फाटकापाशी लाल दांडा घेऊन उभे राहणारे सत्तरीचे रखवालदार. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते सकाळपासून एकच वाक्य म्हणायचे: नमस्कार, पायाखाली बघून जा. शाळकरी पोर असो, कुत्र्याला फिरवणारा असो, शंभर वेळा तेच, त्याच सुरात. ताईंनी नाही म्हणून मान हलवली. त्या त्याच धंद्यातल्या, त्यांना माहीत होतं. रखवालदार आज इथे, उद्या दुसऱ्या साइटवर. माणूस खूण म्हणून धरता येत नाही, हलणाऱ्या गोष्टी वहीत नकोत.

"अडतीस वर्षं मी शाळेच्या फाटकात उभी राहून सकाळी हेच करत होते," कोगा-सान म्हणाल्या. "लिहा."

मी लिहिलं. घरी आल्यावर ताईंनी वही तपासली आणि ती ओळ खोडायला सांगितली. मीच खोडली.

सप्टेंबरात धुरांडं उतरवलं. आधी त्याच्याभोवती परांची बांधली, चारी बाजूंनी करडं कापड लावलं, आणि वरून तुकडे कापत खाली आणलं. कोगा-सान रोज कोपऱ्यावर येऊन मान वळवून उभ्या राहायच्या. कापड रोज थोडं खाली यायचं. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, गेलं का? ताई हो म्हणाल्या. कोगा-साननी काठी डाव्या हातात घेतली, रिकाम्या आभाळाकडे तोंड करून खोल वाकल्या, आणि भाजी आणायला गेल्या. त्या दिवशी त्या धुरांड्याशिवाय पहिल्यांदा एकट्या परत आल्या. आम्ही दोघी लांबून मागे होतो हे त्यांना माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

एकच गोष्ट ताईंना खात होती. कोगा-सानच्या भिंतीवरचं कॅलेंडर जूनवरच होतं. जुलै झाला, ऑगस्ट झाला, ऑक्टोबर संपत आला, पान उलटलं नव्हतं. विचारलं तर त्या विषय बदलायच्या. म्हातारपणी माणूस आधी तारखा विसरतो, ताई मला म्हणाल्या. आपण वाट शिकवतोय, आणि आतून दुसरंच काही चाललेलं असलं तर? युकारीने ते बघितलं तर ती काय समजेल? मी नेहमीसारखं फटकन काहीतरी बोलणार होते, पण त्यांचं तोंड बघून वही मिटून ठेवली.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी युकारी आली. नीटनेटकी, दमलेली, पन्नाशी ओलांडलेली बाई. तिचा राग यावा असं मी ठरवून गेले होते, पण आला नाही. नदीपलीकडे आई सापडल्याचा फोन मला आला असता तर मीही खोलीच बघून ठेवली असती. तिने ताईंना शांतपणे सांगितलं, की आई स्टेशनपासून घरापर्यंत एकटी चालेल, मी दहा पावलं मागे असेन, कोणी एक शब्द बोलायचा नाही. पोचली तर राहील. नाही पोचली तर या महिन्यात सामान बांधू. ताईंनी मान डोलावली. आम्ही दोघी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने निघालो.

घंटा, पाखराचा आवाज, चढ. कोगा-सान अशा चालल्या होत्या की मीच त्यांच्या मागे धापा टाकत होते. आणि त्सुरु-युचा कोपरा आला तेव्हा ताईंनी माझं मनगट धरलं.

कुंपण हललं होतं. आदल्या संध्याकाळी पांढरा पत्रा चार-पाच पावलं पुढे आणून बेकरीच्या भिंतीपर्यंत लावला होता. वास त्याच्या पलीकडे अडकला. आणि अवजड गाड्यांसाठी जमिनीवर जाड पोलादी पत्रे टाकले होते, जाळी त्यांच्याखाली गेली होती. त्रेचाळीस घरांना टॉवेल देणाऱ्या कंपनीने एवढ्याशा बदलासाठी कोणाला सांगायचं कारणच नव्हतं.

कोगा-सान थांबल्या. काठी डावीकडे टेकली, उजवीकडे टेकली. सगळीकडे एकच बद्द आवाज. त्यांनी मान वळवून आभाळाकडे बघितलं, जुन्या सवयीने, आणि तिथे काही नव्हतं. युकारी दहा पावलांवर उभी होती. तिने तोंडावर हात धरला होता. मी पाऊल पुढे टाकलं तर ताईंनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी शब्द दिला होता, आणि आता शब्द द्यायचा म्हणजे काय ते त्यांना पुरतं कळलेलं होतं.

तेवढ्यात बाबागाडी ढकलत एक बाई समोरून आली आणि फाटकापाशी पोचली.

"नमस्कार. पायाखाली बघून जा."

तोच आवाज, तोच सूर. नागामात्सुंना परीक्षेबिरीक्षेचं काही ठाऊक नव्हतं, ते आपलं काम करत होते. कोगा-सानची मान आवाजाकडे वळली. फाटक तिथे, म्हणजे वळण इथे. त्यांनी काठी उजवीकडे टेकली आणि निघाल्या. फाटकासमोरून जाताना नागामात्सु तेच वाक्य त्यांनाही म्हणाले, जसं रोज म्हणायचे. त्यांनी मान झुकवली, डावा गाल वाऱ्याला दिला, आणि चव्वेचाळिसाव्या घराची किल्ली पिशवीतून काढली.

घरात युकारी बराच वेळ उंबऱ्याशीच बसून राहिली, बूट काढत. मग उठली, आणि तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिचा चेहरा उतरला. नोव्हेंबर आहे आई, ती हळूच म्हणाली, आणि जूनचं पान फाडायला हात उचलला. सुनेत्राताईंनी डोळे मिटून घेतले. ज्याची भीती होती तेच झालं होतं.

"हात लावू नकोस," कोगा-सान म्हणाल्या. "काम पूर्ण व्हायच्या आधी पान उलटायचं नसतं."

त्यांनी खण चाचपून लाल मार्कर काढला. इथल्या शाळेत मुलाने सगळं बरोबर केलं की बाई त्याच्या वहीत गोल गोल फिरवून फूल काढतात. कोगा-साननी डाव्या हाताने तो चौकोन शोधला आणि भारतीय बाईंच्या शब्दावर ते फूल काढलं. वाकडं, शेजारच्या तीन तारखांवर गेलेलं, एक पाकळी कागदाच्या बाहेर. मग जूनचं पान काढून वेगळं ठेवलं, आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंतची चार पानं एका दमात फाडली. जूनचं पान घडी न घालता दोन्ही हातांनी सुनेत्राताईंसमोर धरलं. ताईंनीही दोन्ही हातांनी घेतलं आणि वाकल्या, त्या सरळ व्हायलाच तयार नव्हत्या. युकारीने चहा ठेवला. सामानाचं कोणी काही बोललं नाही.

त्या संध्याकाळी मी वही काढली आणि खोडलेली ओळ पुन्हा लिहिली.

आता टॉवर अकराव्या मजल्यावर आलाय. नागामात्सुंची बदली झाली, पण तोपर्यंत बेकरीवाली, भाजीवाला आणि स्टेशनचा माणूस असे तिघे कोगा-सानना रोज ठरल्या जागी नमस्कार घालायला लागले होते. ही व्यवस्था कोणी लावली ते सांगायला नको. कंपनीच्या साहेबाने ताईंचा करार वाढवला, पण यादीबाहेर जायचं नाही अशी तंबी दिली. ताई हो म्हणाल्या. परवा त्यांच्याकडे गेले तर नव्या साइटची यादी टेबलावर होती, एकवीस घरांची. शेजारी टॉवेल मोजून ठेवले होते. मीही मोजले. चोवीस होते.